डाव्या हाताची गाठ

मी उमरेड सोडलं त्या सकाळी आमच्या गल्लीत पाजणी होती. हातमागाशी ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लुगड्याचा उभा ताणा मागावर चढवण्याआधी तो गल्लीभर लांब ताणायचा, त्याला कण्यांची शिजवलेली पेज पाजायची आणि कुंच्यानं झाडून सुकवायचा. त्यानं सूत कडक होतं आणि विणताना तुटत नाही. ऊन चढायच्या आत हे सगळं उरकावं लागतं, म्हणून दिवस उजाडताच सगळी गल्ली कामाला लागलेली असते. त्या दिवशीही लागली होती. मी एकटा इस्त्रीचा शर्ट घालून, पत्र्याची पेटी घेऊन उंबऱ्यात उभा होतो. इतका बिनकामाचा मी त्या गल्लीत कधी दिसलो नसेन.

पाजणीची आमच्याकडे एक रीत होती. पेजेची पहिली वाटी चिमण्यांची. ती गल्लीच्या टोकाला, ताण्यापासून लांब, एका दगडावर ठेवायची. चिमण्या तिकडे गुंतल्या की ओल्या ताण्यावर चोची मारत नाहीत, एवढाच खरं तर त्यातला मतलब. पण जुनी माणसं त्याला 'चिमण्यांचा वाटा' म्हणत आणि देवाच्या नैवेद्याइतकं मनावर घेत. कोणी नव्या घरात संसार मांडला, तर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं जाऊन तिथला पहिला वाटा ठेवायचा. तोवर ते घर झालं असं कोणी मानत नसे. तुम्ही आत राहा, जेवा, झोपा, लेकरं होऊ द्या. मोठ्या माणसाच्या हातचा वाटा पडला नाही तर ते नुसतं छप्पर.

घरचा नेहमीचा वाटा ठेवायचं काम लहानपणापासून माझं. त्या सकाळी बाबांनी माझ्याकडे न बघता वाटी पुढे केली, डाव्या हातानं. बाबा पक्के डावखुरे. मी पेटी खाली ठेवली, वाटी दगडावर रिकामी करून आलो आणि हात धुतले. तोवर ते ताण्यातला एक तुटलेला धागा शोधून त्याला गाठ मारत होते. मी पाया पडलो. ते म्हणाले, "जाय. गाडी चुकन." बोटं थांबली नाहीत.

माय स्टेशनापर्यंत आली. छोट्या लाईनची, नॅरोगेजची गाडी ती, तिला सुटायचीही घाई नव्हती. मायनं डबा दिला, केसांवरून हात फिरवला, आणि गाडी हलली तेव्हा रडायचं सोडून खिडकीबरोबर चालत ओरडली, "पेटीत कण्याची पुरचुंडी हाय गा! तिथल्या चिमण्यायले टाकत जाय!" डब्यातली माणसं हसली. मला लाज वाटली. नागपूरला नोकरीला निघालेला माणूस, आणि त्याच्या पेटीत चिमण्यांचं खाणं!

हे मी गल्लीत राहिलेल्यांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखे जे पेटी उचलून निघाले त्यांच्यासाठीही. राहिलेल्यांना वाटतं, गेलेले विसरले. गेलेल्यांना वाटतं, राहिलेले रुसले. दोघांचंही थोडं चुकतं, हे मला एका वांग्याच्या झाडानं शिकवलं. ते कसं, तेच सांगायचं आहे.

मी गेलो का? यंत्रमागाचं लुगडं बाजारात आलं, हातमागाचं मागं पडलं, हे तर सगळ्यांच्याच घरचं कारण. माझं आणखी एक होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांचा माग डाव्या हाताचा होता. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची दोरी ओढायची मूठ उजव्या हाताला असते, ती त्यांनी डावीकडे बसवून घेतली होती. मी उजवा. त्या मागावर बसलो की माझं कापड कुठं सैल, कुठं ताठ. बाबा म्हणायचे, "हात बसन हळूहळू." दोन वर्षं बसला नाही. मूठ उजवीकडे घ्या म्हणायची माझी छाती नव्हती, आणि घेऊ का विचारायचं त्यांना सुचलं नाही. हिंगण्याच्या कारखान्यात फिटर पाहिजेत असं कळलं आणि मी अर्ज केला. मशीनला डावं-उजवं नसतं, हे मला त्या वेळी फार मोठं सुख वाटलं होतं.

माझी निघायची गोष्ट कळली तेव्हा बाबा एकच वाक्य बोलले होते. "जिथं माग नाई ते आपलं घर नाई." रागानं नाही, कापडाचा पन्हा सांगावा तसं सरळ.

नागपूरच्या प्रताप नगरात मी दोन खोल्या घेतल्या तेव्हा आजूबाजूला अर्धे प्लॉट मोकळे होते आणि पावसाळ्यात तिथं गुडघ्याएवढं गवत वाढायचं. मागे मोठं आवार, विहीर, धुण्याचा दगड. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर यायची, दुसरी शिफ्ट असली की सकाळ आपली. पुरचुंडी मी पहिल्याच आठवड्यात सोडली. कोणी बघत नाही असं पाहून मूठभर कण्या कुंपणाजवळ टाकल्या. पहिल्या दिवशी दोन चिमण्या आल्या. महिनाभरात ती संख्या मोजण्यापलीकडे गेली, आणि त्यांच्या मागोमाग साळुंक्या, बुलबुल, एक भांडकुदळ कोतवाल, सगळे आले. उन्हाळ्यात मातीच्या परळात पाणी ठेवायला लागलो तर खंड्यासारखा तोऱ्याचा पक्षीही येऊन बसला. नागपूरच्या मे महिन्यात कोणाचा तोरा टिकतो?

लग्न झालं. सुमन कळमेश्वरची, शेतकऱ्याच्या घरातली, हाताला चपळ आणि जिभेला त्याहून चपळ. आवारात तिनं वांगी, मिरच्या, पालक लावला. माझ्या कण्यांवर तिची बारीक नजर असायची. "माणसाले तांदूळ रेशनचा, अन् यायले निवडून कण्या. भाग्यवान हायेत बाप्पा तुमचे पाहुणे," ती म्हणायची आणि मी शिफ्टला असलो की स्वतःच टाकायची.

कॅमेरा आला तो एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून, जुना, वरून खाली बघायचा, दोन डोळ्यांचा. त्यात माणूस डावीकडे सरकला तर काचेत उजवीकडे सरकलेला दिसायचा. सुरुवातीला मी चिमणीच्या मागे कॅमेरा उलट्याच दिशेनं फिरवायचो आणि रोल धुऊन आला की त्यात बारा वेळा नुसतं कुंपण. मग गोणपाट दोरीवर टांगलं, त्याला भोक पाडलं, आणि मागे पाटावर बसून राहायचो तास तास. शेजारच्या काकूंनी सुमनकडे तक्रार केली, की तुमचे हे आमच्या आवारात डोकावतात. सुमननं त्यांना आमच्याकडे बोलावलं, गोणपाटामागच्या पाटावर बसवलं, आणि भोकातून बुलबुलाची जोडी दाखवली. त्यानंतर काकू स्वतःच यायच्या आणि मला पाटावरून उठवायच्या.

बाबा मात्र येत नव्हते. माय दोनदा येऊन गेली. मी सणाला उमरेडला जायचो, बाबा जेवायला वाढा म्हणायचे, मशीनचं विचारायचे, सुमनशी हसून बोलायचे. "या ना एकदा," म्हटलं की धोट्याकडे बघायचे. नऊ वर्षं झाली. घर माझं होतं, कष्टाचं होतं, त्यात सगळं होतं. वाटा तेवढा पडलेला नव्हता. हे मी कोणाजवळ बोललो नाही, पण रोज सकाळी कण्या टाकताना मला ते टोचायचं. टाकणारा मी होतो, आणि मी त्या घरातला मोठा माणूस नव्हतो.

आता माझी पहिली चूक. विणकराच्या पोरालाच सुचेल अशी. पक्षी घरटी बांधायला लागले की काड्या, कापूस, केस, काहीही वेचतात. मला वाटलं, सूत देऊ या! आपल्यासारखं सूत कोण देणार? इतवारीच्या बाजारातून एक अख्खी लच्छी आणली आणि मोठ्या थाटात कुंपणाच्या तारेवर अडकवली. दुपारी सुमनची हाक आली. एक चिमणी त्या सुतात पाय अडकून उलटी लोंबकळत होती आणि जितकी फडफडेल तितकी गुंतत होती. सुमननं तिला पदरात धरलं आणि कात्रीनं एकेक फेरा कापला. चिमणी उडाली. सुमन मला एवढंच म्हणाली, "सूत ठावूक हाय म्हणता ना तुम्ही?" त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी ते सगळं पोस्टकार्डावर घरी लिहिलं. बाबा वाचायचे, पण लिहायचे नाहीत. पंधरा दिवसांनी इतवारीत लुगडी घेऊन येणाऱ्या गल्लीतल्या एका काकांच्या हाती पुडकं आलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. आत मागावरच्या उरल्यासुरल्या सुताचे तुकडे, सगळे एकसारखे, चार बोटं लांब. मी मोजून पाहिलं. चार बोटं म्हणजे कुठल्याही पाखराच्या पायाला फास बसणार नाही इतकं, आणि घरट्याला पुरेल इतकं. काहींना मध्ये गाठी होत्या, ताणा तुटल्यावर मारलेल्या.

त्या गाठी मी डोळे मिटून ओळखल्या असत्या. विणकराची गाठ सगळीकडे एकच, पण डाव्या हातानं मारली की तिचा पेच उलट्या अंगाला बसतो. धागा कसाही फिरवा, खालचा वर करा, पेच बदलत नाही. गल्लीत कापडाचा दोष काढताना म्हातारे गाठ बघून सांगायचे, ही डावऱ्याची. चिडवायचे त्यांना त्यावरून. बाबांना त्याचं कधी काही वाटलं नाही. नऊ वर्षांत त्यांच्याकडून मला आलेलं ते पहिलं पत्र, असं मी धरलं. मग दर काही महिन्यांनी पुडकं येत राहिलं. मी ते तुकडे तारेच्या छोट्या जाळीत खोचून ठेवायचो.

दोन वर्षं चिमण्या, बुलबुल ते नेत राहिले. तिसऱ्या पावसाळ्यात शिंपी आला. अंगठ्याएवढा पक्षी, शेपटी उभी, आवाज मात्र अख्ख्या आवाराला पुरेल एवढा. पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडून, त्यातून धागा ओवून तो पान शिवतो आणि त्या खिशात घरटं करतो. यानं जागा निवडली ती सुमनच्या म्हाताऱ्या झालेल्या वांग्यांत. ती झाडं उपटून टाकायची म्हणून तिनं खुरपं हातात घेतलेलंच होतं. मी धावत आडवा गेलो. "एका पाखरासाठी माही अख्खी ओळ अडवता?" म्हणाली. मग खाली वाकून तिनं पान बघितलं आणि खुरपं ठेवून दिलं. "हा तं काजेबटनं करते जी," ती हळूच म्हणाली.

पानाच्या शिवणीत एक लाल धागा होता. काठाचं दुपदरी सूत. आणि त्या धाग्याच्या मधोमध गाठ होती, डाव्या हाताची. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आमच्या उमरेडच्या मागावर तुटलेला, बाबांनी बांधलेला, चार बोटांवर कापलेला धागा, आणि त्यानं प्रताप नगरात एक घर शिवून निघालं होतं. मला सांगता येत नाही किती अभिमान वाटला. मी पाटावर बसल्या बसल्या रडलो, आणि शिंप्यानं मला चांगलं रागावून घेतलं.

जवळचं दिसणारं भिंग लावून मी दोन रोल संपवले. पिल्लं उडाली, पान वाळलं, तेव्हा घरटं बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून जपून ठेवलं. सीताबर्डीचे ओळखीचे स्टुडिओवाले रविवारी त्यांची डार्करूम मला वापरू द्यायचे. तिथं मी स्वतःच्या हातानं सगळ्यात चांगला फोटो मोठा करून काढला, भिंतीवर लावायचा. शिंपीण चोचीत अळी घेऊन पानाच्या कडेवर, आणि तिच्या पायाखाली ती गाठ, हरभऱ्याच्या डाळीएवढी स्वच्छ. हौशी फोटोग्राफरांचं प्रदर्शन होतं शहरात, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी तो दिला. पहिला आला! खाली मी पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहून लावलं होतं: 'धागा आणि गाठ माझ्या वडिलांची, हातमाग, उमरेड.' कारखान्यात सुपरवायझरपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत एकही माणूस असा उरला नाही, ज्याला मी हे सांगितलं नाही.

आणि बाबांना लिहिलं. या वेळी ते आले. मायनं काय सांगून पाठवलं, देव जाणे. पण अट होती: सकाळच्या गाडीनं येईन, फोटो पाहीन, संध्याकाळच्या गाडीनं परत. घरी नाही. सुमननं तरीही पाटवड्या केल्या, दार आरशासारखं पुसलं, उंबऱ्यावर रांगोळी काढली.

हॉलमध्ये बाबा धुतलेल्या धोतरात, टोपी नीट करत, माझ्या फोटोसमोर उभे राहिले. माझ्या कारखान्यातले चार जण मुद्दाम आले होते. बाबांनी पुठ्ठ्यावरची ओळ ओठ हलवत वाचली. चष्मा पुसला. फोटोच्या इतकं जवळ गेले की कोणी तरी त्यांना हात लावू नका म्हणालं. मग मागे सरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे खोटं लिवलं हाय. ही गाठ माही नाई."

"बाबा, मी पाहिली ना."

"उजव्या हाताची हाय. कोन्याबी विणकराची असन. माही नाई." ते माझ्याकडे वळले. "खोटं काहून लिवलं गा? मी तं मागितलं नव्हतं."

कारखान्यातले जमिनीकडे बघायला लागले. बाबा रागावले असते तर मी भांडलो असतो. ते दुखावले होते. त्यांना वाटलं, त्यांनी रात्रंदिवस मागावर बसून उरवलेलं सूत मी कचऱ्यात टाकलं, बाजारचा धागा झाडाला अडकवला आणि चारचौघांत त्यांचं नाव वापरून टाळ्या मिळवल्या. संध्याकाळपर्यंतही थांबले नाहीत. दुपारच्या गाडीनं गेले. सुमनच्या पाटवड्या आम्ही दोघांनी समोरासमोर बसून खाल्ल्या.

प्रदर्शन संपलं तसा फोटो घरी आला. मी तो भिंतीला टेकवून त्याच्याकडे बघत बसलो. म्हाताऱ्याचे डोळे गेले, असं मनाशी म्हणत होतो. लाज वाटते सांगायला, पण म्हणत होतो. सुमन चहा घेऊन आली. हॉलमध्ये ती आली नव्हती, तिनं हा फोटो पहिल्यांदाच पाहिला. कप हातात तसाच धरून ती म्हणाली, "धुण्याचा दगड उजवीकडे कधी गेला जी?"

शिंपिणीच्या मागे, धूसर, आमचा धुण्याचा दगड दिसत होता. फोटोत उजवीकडे. आवारात, वांग्यांसमोर पाट टाकून बसलं की तो डावीकडे असतो. सुमन त्यावर रोज कपडे आपटते, तिला कोण फसवणार?

मी बिस्किटाचा डबा काढला. वाळलेल्या पानात लाल धागा तसाच होता. गाठ भिंगाखाली धरली. डाव्या हाताची. फोटोतली, उजव्या हाताची. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. निगेटिव्हला एक चकचकीत बाजू असते आणि एक मंद. मोठं करायच्या मशीनमध्ये मी ती उलटी घातली होती. सगळा फोटो आरशातल्यासारखा डावीकडचा उजवीकडे गेला होता. आणि ते ना परीक्षकांना दिसलं, ना स्टुडिओवाल्यांना, ना मला, ज्यानं त्या घरट्यासमोर पंधरा दिवस काढले. दिसलं ते फक्त उमरेडहून आलेल्या एका माणसाला, ज्यानं आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता. त्यानं गाठ पाहिली आणि सांगितलं, माझी नाही. शंभर टक्के बरोबर होतं त्याचं.

कापड हातात घेतलं की सुलट बाजू कुठली, हे बाबांनी मला अक्षरं यायच्या आधी शिकवलं होतं. निगेटिव्हची तेवढी बघितली नाही मी.

पुढच्या रविवारी नवा, सुलटा फोटो छापला, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तो, जुना उलटा फोटो आणि बिस्किटाचा डबा घेऊन छोट्या लाईनच्या गाडीनं उमरेडला गेलो. बाबा मागावर होते. मी दोन्ही फोटो आणि घरटं विणलेल्या कापडावर ठेवलं. खटखट थांबली. मला आठवतं तेव्हापासून माझ्यासाठी ती मध्येच कधी थांबली नव्हती. त्यांनी घरटं उचललं, खिडकीकडे नेलं, नखानं गाठ चाचपली. मग सुलटा फोटो पाहिला. मग उलटा.

"हाव," ते म्हणाले. "ही माही."

मी निगेटिव्हचं समजावून सांगितलं. चकचकीत बाजू, मंद बाजू, माझी चूक. ते ऐकत राहिले आणि एकदम हसायला लागले, टोपी काढून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चुलीजवळून माय काय झालं म्हणून धावत आली. "ऐकून राहिली का वं," बाबा तिला म्हणाले, "विणकराचं पोट्टं, अन् याले उलटं-सुलटं कळत नाई!" हसू ओसरल्यावर ते पुन्हा घरट्याकडे बघत राहिले. "मले वाटे, मी कापून पाठवून राहिलो अन् तू फेकून देऊन राहिला," ते हळू म्हणाले. "असं घर शिवते हे पाखरू?" मी हो म्हणालो.

"त्या हॉलात मी सगळ्यायसमोर बोललो ते चुकलं," बाबा म्हणाले. मी म्हणालो, नाही चुकलं. आणि खरंच नव्हतं चुकलं. माझ्या बापाची नजर अशी आहे, हे मी सोमवारी कारखान्यात त्याच चार जणांना छाती पुढे काढून सांगितलं. पहिल्या नंबरापेक्षा मला ते सांगताना जास्त मजा आली.

महिन्याभरानं एका सकाळी सुमन मागच्या दारातून धावत आली. "मामाजी आले जी! अन् थेट मागं गेले!" मी बाहेर आलो तर बाबा आवारात उभे. पायात चपला तशाच, खांद्यावर पिशवी. त्यांनी शिंप्याची जागा दाखव म्हटलं. मी दाखवली. धुण्याचा दगड पाहिला, आणि तो डावीकडेच आहे याची खात्री करून घेतल्यासारखी मान हलवली. जाळीतले तुकडे मोजले. मग पिशवीतून पितळी वाटी काढली. आमच्या पाजणीची वाटी, जिचा कडेचा पोचा मी लहानपणी पाडला होता.

"सूनबाई, कण्याची पेज हाय का वं?"

पेज नव्हती. सुमननं तिथल्या तिथे शिजवायला टाकली. होईपर्यंत बाबा पाटावर बसून राहिले, गोणपाटाच्या भोकातून साळुंक्या बघत. पेज निवली तशी त्यांनी वाटी भरून घेतली, कुंपणापर्यंत गेले, एक बरा दगड पायानं सरळ केला आणि त्यावर चिमण्यांचा वाटा ठेवला. माझ्या घरात माग नव्हता, येणारही नव्हता. हे त्यांना माहीत होतं. तरी ठेवला.

त्यानंतर मला कोणी घर कुठलं विचारलं तर मी अडखळत नाही. पूर्वी उमरेडचं नाव घेताना वाटायचं, मी तिथला उरलो नाही. प्रताप नगरचं घेताना वाटायचं, मी इथला झालो नाही. आता दोन्ही सांगतो. जिथं मोठ्या माणसानं वाटा ठेवला ते आपलं घर, गल्लीचाच नियम आहे हा, माझा नाही. गल्ली सोडून गेलेल्यांनो, तुमच्या मोठ्या माणसांना एकदा बोलवा. गल्लीत राहिलेल्यांनो, एकदा जाऊन या. वाटी सोबत न्या.

त्या सकाळी बाबा वाटी घेऊन कुंपणाकडे निघाले तसा मी कॅमेरा आणायला आत पळालो होतो. परत आलो तेव्हा बाबा दगडाजवळ वाकलेले, पाच-सहा चिमण्या कुंपणावर उतरलेल्या. त्यांनी मान न वळवताच मी आल्याचं ओळखलं. "काढ गा," म्हणाले, "पण आता सुलटा छाप."

तो फोटो आमच्या बैठकीत लावला आहे. त्यात वाटी बाबांच्या डाव्या हातात आहे. छापताना मी निगेटिव्ह तीनदा तपासली होती.